"सेफ्टीही आता तुम्हीच बघा" असं कंपनीने सांगितलं, तर सुपरवायझरची नेमकी जबाबदारी काय?

तुम्ही लिहिलंय की भोसरी एमआयडीसीतल्या सव्वाशे माणसांच्या कंपनीत तुम्ही प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या यंत्रांच्या विभागाला, सुपरवायझर आहात. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून "आजपासून सेफ्टीही तुम्हीच बघा" असं तोंडी सांगितलं. आता तुम्हाला दोन प्रश्न पडलेत: नेमकं काय बघायचं, आणि उद्या कुणाचं बोट गेलं तर आत कोण जाणार? मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात बरीच वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काम केलंय. आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण ती धास्ती डोक्यात असेपर्यंत पहिल्याकडे लक्ष लागत नाही.

कारखान्यातल्या सुरक्षिततेची पहिली जबाबदारी कायद्याने भोगवटादारावर टाकली आहे, म्हणजे आपण ज्याला ऑक्युपायर म्हणतो त्याच्यावर. कंपनी असेल तर ऑक्युपायर हा संचालकांपैकीच एक असावा लागतो. एखाद्या जीएमला कागदोपत्री ऑक्युपायर करून संचालकांना मोकळं होता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात स्पष्ट केलं. सुरक्षित यंत्रं, कामाची सुरक्षित पद्धत, माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख ही सगळी त्याची कर्तव्यं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली ती कारखाने कायद्यात वेगळ्या कलमाने घातली गेली. २१ नोव्हेंबर २०२५पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि १९४८चा कारखाने कायदा तिच्यात सामावला, पण हा गाभा बदललेला नाही. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे कामगाराचा जीव गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड. त्या दंडातली किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा त्याच्या वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. ही नवी तरतूद मला फार मोलाची वाटते.

तेव्हा मॅनेजरने तोंडी एक वाक्य बोलल्याने मालकाची जबाबदारी तुमच्या अंगावर येत नाही.

पण तुम्ही अगदी मोकळे आहात असंही समजू नका. जीव गेला की पोलीस येतात, आणि हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न असतो, "इथे ड्युटीवर कोण होतं?" आणि पहिलं नाव निघतं ते सुपरवायझरचं. शिवाय मालकाला किंवा मॅनेजरला "आम्ही सगळी काळजी घेतली होती, कसूर अमक्याची आहे" असा बचाव करायची मुभा जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. तो अमका तुम्ही ठरायचं नसेल तर तुम्ही काय पाहिलंत, कुणाला कळवलंत आणि काय थांबवलंत, हे कागदावर असलं पाहिजे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत: "मशीन बंद करायचं तर प्रॉडक्शन मॅनेजरला विचारावं लागतं." खरी अडचण इथेच आहे. मशीन थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हातात नाही, त्याच्याकडे सेफ्टी सोपवली असं म्हणताच येत नाही. म्हणून आधी पत्र मागा. साधं, अर्ध्या पानाचं. धोका दिसला तर कुणालाही न विचारता मशीन थांबवण्याचा अधिकार, गार्ड, सेन्सर, लोकेटर (जॉब जागेवर बसवणारी पिन) अशा किरकोळ दुरुस्तीला खर्चाची ठरावीक मर्यादा, आणि या कामासाठी रोजचा राखीव वेळ, एवढं त्यात हवं. सव्वाशे माणसांच्या कंपनीला पूर्णवेळ सेफ्टी ऑफिसर नेमायची सक्ती नाही. जुन्या कायद्यात ती हजार कामगारांपासून होती, नव्या संहितेत धोकादायक प्रक्रिया नसलेल्या कारखान्याला पाचशेपासून आहे. पण ऑफिसरची सक्ती नाही म्हणून मालकाची कर्तव्यं तसूभरही कमी होत नाहीत. "आपल्याला ते लागू नाही" असं कुणी म्हणालं तर हा फरक शांतपणे सांगा.

आता काय बघायचं ते. तुमचं शॉप प्रेसचं आहे, त्यामुळे मी प्रेसवरच जास्त बोलणार.

सगळ्यात आधी प्रत्येक प्रेसचा क्लच (फिरत्या चाकाची गती प्रेसला जोडणारा भाग) कुठला आहे ते मेंटेनन्सच्या माणसाला घेऊन तपासा. जुन्या पॉवर प्रेसला की-क्लच असतो. त्यात एकदा पेडल दाबलं की रॅम (वरून खाली येऊन पत्रा दाबणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये कशानेही थांबत नाही. न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचचा प्रेस मात्र अर्ध्या स्ट्रोकवरही थांबवता येतो. हा फरक जीवनमरणाचा आहे. की-क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा) बसवून "सेन्सर लावलाय" म्हणून समाधान मानलेलं मी पाहिलंय. तिथे तो सेन्सर हात आत गेल्याचं ओळखतो, पण रॅमला थांबवणारं काहीच नसतं. दोन हातांच्या बटणांचंही तसंच: बटणं सोडून हात आत घातला तरी रॅम खाली येतच राहतो. अशा प्रेसला समोर पक्का गार्ड हवा, ज्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही, किंवा दार बंद झाल्याशिवाय क्लच न सोडणारं गेट हवं. शिवाय क्लचमधली की (खीळ) झिजली की एका पेडलला दोन स्ट्रोक पडतात. "साहेब, डबल पडला" असं ऑपरेटर म्हणाला तर तो प्रेस त्याच क्षणी बंद. संध्याकाळपर्यंत चालवू, डिस्पॅच झाल्यावर बघू, हे चालणार नाही.

आता बायपासचं. एका कंपनीत मी राऊंडला असताना एका प्रेसचं डावं पाम बटण (तळहाताने दाबायचं) दाबल्या अवस्थेत चिकटपट्टीने बांधलेलं दिसलं. नवा क्लच, दोन्ही बटणं व्यवस्थित, कागदावर सगळं ठीक. आणि ऑपरेटर उजव्या हाताने बटण मारत होता, डाव्या हाताने जॉब (दाबायचा पत्र्याचा तुकडा) धरत होता, डायपासून (आकार देणाऱ्या साच्यापासून) चार बोटांवर. सुपरवायझर त्याच्यावर खेकसायला लागला. मी त्याला थांबवलं आणि ऑपरेटरला म्हटलं, "पट्टी काढून एक जॉब मारून दाखवा." त्याने डायमध्ये जॉब ठेवला, दोन्ही हात बटणांवर नेले, तेवढ्यात जॉब तिरका झाला. लोकेटर पिन झिजून गुळगुळीत झाली होती, जॉब जागेवर बसतच नव्हता. तिरका जॉब मारला तर रिजेक्शन त्याच्या नावावर, आणि ताशी नगांचा आकडा बोर्डावर. मग त्याने हाताने धरायला सुरुवात केली. टूलरूमने पिन बदलली, एक छोटा मॅग्नेट बसवला, आणि पट्टीची गरजच उरली नाही.

म्हणून बांधलेलं बटण किंवा काढून ठेवलेला गार्ड दिसला की मशीन थांबवा, पण वॉर्निंग लेटर काढण्याआधी "हे का करावं लागलं?" एवढं विचारा. दहातल्या बहुतेक वेळा उत्तर डायमध्ये, जॉबमध्ये किंवा टार्गेटमध्ये सापडतं. कामगाराची काही जबाबदारी नाही असं मी म्हणत नाही. सुरक्षेच्या साधनात मुद्दाम ढवळाढवळ करू नये हे त्याचंही कायदेशीर कर्तव्य आहे. पण जॉब जागेवर बसत नसेल तर उद्या दुसरा ऑपरेटर तेच करेल.

डाय सेटिंगला, म्हणजे डाय बदलून बसवताना, सगळ्यात अनुभवी माणसं जखमी होतात, कारण त्या वेळी गार्ड काढलेले असतात आणि हात नेमके डायमध्येच असतात. मेन स्विच बंद, त्याला सेटरचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात, फ्लायव्हील (प्रेसचं जड फिरतं चाक) पूर्ण थांबलेलं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅमला खाली येऊ न देणारा ठोकळा). यातलं एकही वगळायचं नाही. सेफ्टी ब्लॉक प्रत्येक प्रेसजवळच ठेवा. स्टोअरमधून आणावा लागत असेल तर तो कुणी आणणार नाही.

हातमोज्यांबद्दल एक सांगतो. पत्र्याच्या धारदार कडा हाताळताना ते हवेतच. पण ड्रिल आणि लेथसारख्या फिरणाऱ्या मशीनवर हातमोजे घालू देऊ नका. मोज्याचा धागा अडकला तर सगळा हात ओढला जातो. मनगटातला गंडा, अंगठी, गळ्यात लटकणारं ओळखपत्र, ओढणी, सैल बाही, यांचंही तेच. गंडा काढायला सांगणं जड जातं, मला कळतं. मी लोकांना तो घट्ट बाहीच्या आत, दंडावर बांधायला सांगायचो, आणि त्याला बहुतेक लोक तयार व्हायचे.

क्रेन, चेन, स्लिंग यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी लागते. कंप्रेसरच्या टाकीचीही ठरावीक मुदतीत परीक्षा लागते. प्रमाणपत्रांच्या तारखा बघून ठेवा. बाहेर पडायचं दार मालाने अडलेलं किंवा कुलूपबंद नाही ना, हे रोज बघा. जून २०२१मध्ये पिरंगुटजवळ उरवडे इथल्या कारखान्याच्या आगीत पंधराहून अधिक कामगार गेले, त्यात बहुतेक बाया होत्या. पुण्यात या क्षेत्रात काम करणारा कुणी ते विसरलेला नाही. तुमच्याकडे ईटीपीची (सांडपाणी प्रक्रियेची) टाकी असेल तर तिच्यात हवा तपासल्याशिवाय, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नाही आणि विषारी वायू नाही याची खात्री केल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही. एकजण आत कोसळला तर दुसऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही, हेही आधीच सांगून ठेवा. अशा ठिकाणी वाचवायला गेलेले जीव गमावतात.

ठेकेदाराच्या माणसांकडे माझं मन सगळ्यात जास्त लागतं. लातूर, नांदेड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला पोरगा सकाळी गेटवर उभा राहतो आणि दुपारी प्रेसवर असतो. "तो कॉन्ट्रॅक्टचा आहे" हे वाक्य तुमच्या शॉपमध्ये चालू देऊ नका. तुमच्या छपराखाली, तुमच्या मशीनवर काम करतो तो तुमचाच. निदान पहिले काही दिवस त्याला प्रेसवर घेऊच नका, मग जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली द्या, आणि समजावताना त्याला कळेल अशा भाषेत समजावा. पहिल्याच दिवशी त्याचं ईएसआयसीचं (कामगार राज्य विमा योजनेचं) ई-पहचान कार्ड तयार आहे का ते बघा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर तो त्याचा हक्क आहे. कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, आणि तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. अपघात झाल्यावर घाईघाईने नोंदणी करायची वेळ येणं ही त्या माणसाशी केलेली बेइमानी आहे.

अपघात झालाच तर, बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. तुमच्या जवळ मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे, पण तुटलेलं बोट जोडणारे सर्जन कुठे मिळतात हे आजच चौकशी करून फोन नंबर भिंतीवर लावा. ४८ तास किंवा जास्त कामावर येता येणार नाही अशी इजा असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे. "घरी बसून पगार घे, रिपोर्ट नको" या तडजोडीत तुम्ही पडू नका. आणि न केलेल्या तपासणीच्या चेकलिस्टवर सही करू नका. खोटी नोंद हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तिथे सही तुमची असते.

कानांचं बहुतेक जण विसरतात. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, ९५ला चारच तास. प्रेस शॉपमध्ये आवाज मोजून घ्या. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे आणि तो बरा होत नाही. ४० वर्षांवरच्या कामगारांची वर्षाला मोफत तपासणी मालकाने करायची आहे, त्यात ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) घालायला सांगा.

पत्र दिलंच नाही तर? मग तुम्हीच ईमेल लिहा: "आपण अमुक तारखेला सांगितल्याप्रमाणे मी सेफ्टीचं काम बघतोय. धोका दिसल्यास मशीन थांबवेन आणि लगेच कळवेन." त्यानंतर दिसलेली प्रत्येक गोष्ट फोटोसकट त्याच ईमेलखाली पाठवत राहा. वारंवार कळवूनही उघड धोका तसाच राहिला तर संचालनालयाकडे तक्रार करता येते, आणि तक्रारदाराचं नाव निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं. त्याआधी एकदा थेट मालकांना शॉपमध्ये बोलवा आणि त्या प्रेससमोर उभं करून दाखवा. भोसरीतले बरेच मालक स्वतः मशीनवर काम करून वर आलेले आहेत. केबिनमध्ये नाही म्हणणारा माणूस मशीनसमोर हो म्हणाल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

तुमच्याकडच्या प्रेसचे टनेज आणि क्लचचे प्रकार खाली लिहिलेत तर कुठल्या प्रेसला कुठला गार्ड बसेल ते सांगतो.