मॅडमना पुन्हा फोन करा, पण आधी मुलीशी बोला

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. 64 टक्के आहेत. सेमिनारसाठी तिने ‘माकडांच्या माद्यांमधले प्रजननाचे संकेत आणि त्यांचं कळपातलं वागणं’ हा विषय घेतला. घरात सासरे, दीर. त्यांच्यादेखत ती हॉलमध्ये चार्ट काढत बसली होती. मुलाने असा विषय घेतला असता तर एक वेळ चाललं असतं. शेवटी मी तिच्या मॅडमना फोन करून विषय बदलून घेतला; तिला हे माहीत नाही. दीर म्हणतात, कळपात सगळं नरच ठरवतो, मादीचं काय शिकायचं? ती मात्र यातच संशोधन करणार म्हणते. तिला समजावून बी.एड.कडे वळवाल का?
– एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर :

ताई, मी तिला वळवणार नाही. टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, तुमच्या फोनची वाटते.

तिच्या बाजूने विचार करा. तिने विषय निवडला, वाचलं, चार्ट काढले आणि एके दिवशी मॅडम म्हणाल्या, दुसरा विषय घे. आता तिला वाटत असणार, आपलं काम कमी पडलं किंवा मॅडमनाच आपण आवडत नाही. खरं कारण घरात आहे आणि ते तिच्यापासून लपवलंय. सासऱ्या-दिरांसमोर तुम्हाला अवघड वाटलं, हे मी समजू शकते. पाळीचं नावही हळू आवाजात घ्यायचं, असंच आपल्यातल्या बऱ्याच जणींना शिकवलं गेलं. पण तो संकोच तुमचा होता आणि किंमत तिने मोजली. ‘मुलाने घेतला असता तर चाललं असतं’ हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमची हरकत विषयाला नाही, ती मुलगी असण्याला आहे. हे वाक्य तिच्या कानावर पडलं नसेल, तर पडू देऊ नका.

विषय थिल्लर नाही, हेही सांगते. माकडांच्या पार्श्वभागाच्या भडक रंगांवर डार्विनने 1876 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. चिंपांझी आणि बबून (आफ्रिकेतली मोठी माकडं) यांच्या माद्यांना बीजमोचनाच्या, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास मागच्या बाजूला गुलाबी सूज येते, लांबूनही दिसेल अशी. चिंपांझींच्या जवळच्या नात्यातल्या बोनोबोंमध्ये ती गर्भधारणेची शक्यता नसतानाही दिसते. मग संकेत नक्की कशाचा, यावर अजून काम चालू आहे.

तुमच्या दिरांचं म्हणणं मात्र अनेकांना खरं वाटतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात धारवाडजवळ (तुमच्यापासून फार लांब नाही) वानरांचे कळप पाहिले. बाहेरून आलेला नर जुन्या नराला हुसकावतो आणि कधीकधी कळपातली तान्ही पिल्लं मारतो, हे त्याने नोंदवलं. इथवर दीर बरोबर वाटतील. अमेरिकन शास्त्रज्ञ सारा ब्लॅफर हर्डी 1971 पासून राजस्थानातल्या माउंट अबूच्या वानरांमागे फिरल्या आणि त्यांनी माद्यांकडे नीट पाहिलं. वानरांच्या माद्यांना सूज येत नाही. मादी नराकडे पाठ करते आणि डोकं थरथरवते, तोच तिचा संकेत. नवा नर आला की गाभण माद्याही हाच संकेत देतात, असं त्यांना दिसलं. पिल्लू आपलंच असेल असं नराला वाटलं तर तो ते मारण्याची शक्यता कमी होते, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतली हार्मोन्स तपासली गेली. 2001 मध्ये आलेल्या त्या अभ्यासाप्रमाणे मादी बरेच दिवस समागमाला तयार असते, पण बीजमोचन नेमकं कधी, हे नरांना कळत नाही. शिवाय मादी सहसा जन्मभर त्याच कळपात राहते, नर येतात आणि जातात. कळपात सगळं नरच ठरवत असेल, तर हे कशात बसवायचं? तुमच्या मुलीने नेमका हाच प्रश्न हातात घेतला होता.

वाटा ठरलेल्या आहेत : एम.एस्सी. आणि मग सीएसआयआर-नेट ही संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, किंवा डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था. तिथे जागा मोजक्या असतात आणि प्रवेश दरवर्षी निघेलच असं नाही. पीएच.डी.ला वर्षं जातात, नोकऱ्या कमी आहेत. हे तिला स्पष्ट सांगा. बी.एड. तिला स्वतःला हवं असेल तर चांगलंच आहे, पण शिक्षा म्हणून नको. रानात मुलगी एकटी कशी राहणार, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत, तरी ती असेलच आणि ती रास्त आहे. प्रकल्पात जाताना राहायची सोय, सोबतीला कोण, तक्रार कुणाकडे करायची, हे आधी विचारायचं आणि उत्तर पटलं नाही तर नाही म्हणायचं.

तिच्यासाठीही एक गोष्ट, जी तिला कदाचित आवडणार नाही. या कामात माकडांच्या प्रेमापेक्षा संख्याशास्त्र जास्त लागतं. केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन मूळच्या गणिताच्या. कुठल्या प्राण्याकडे किती वेळ पाहायचं हे आधी ठरवा, नाहीतर भांडणं आणि समागम एवढंच नजरेत भरतं, हे त्यांनी 1974 मध्ये पद्धतशीर मांडलं आणि आजही त्याच रीतीने नोंदी होतात. तिने या सुट्टीत आकडेवारी शिकायला घ्यावी.

तुम्ही आज संध्याकाळी तिला फोनचं खरं सांगा. रागावेल, रागावू द्या. मग तिच्यासमोर मॅडमना फोन करून सांगा, की विषय तिचाच राहू दे. पुढचं पत्र तिने लिहावं, सोबत गावाजवळच्या एखाद्या वानरांच्या कळपाच्या दहा दिवसांच्या नोंदी जोडाव्यात : एका वेळी एकच मादी, वीस मिनिटं, ती नुसती बसून राहिली तरी तेही लिहायचं. लांबूनच पाहायचं आणि खायला काहीही घालायचं नाही. खाऊ घातलेल्या कळपाचं वागणं बदलतं, आणि माणसाला चावे बसतात ते बहुतेक तिथूनच.