पडद्यामागचा डॅनिश पियानो

प्रश्न : चित्रपट आणि दूरचित्रवाणी या दोन्ही माध्यमांत गाजलेला डॅनिश संगीतकार कोण?

उत्तर : बेंट फाब्रिशियस-बिएर (१९२४–२०२०) यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. मूळचे जाझ पियानोवादक असलेल्या बेंट यांच्या ‘अ‍ॅली कॅट’ या सुटसुटीत पियानो-धूनला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे, तो रॉक अँड रोल विभागातला होता. मायदेशात मात्र त्यांची खरी ओळख ठरली ती १९६८ पासून आलेल्या ‘ओल्सेन टोळी’च्या विनोदी चित्रपटांच्या आणि एका छोट्या गावाची १९२९ ते १९४७ या काळातील कहाणी २४ भागांत सांगणाऱ्या ‘मातादोर’ या मालिकेच्या संगीतामुळे. चटकन गुणगुणता येईल अशी चाल रचणे, हेच माझ्या मते त्यांचे मोठे बलस्थान होते.