फोन त्यांच्याच हातात राहू द्या

प्रश्न: मी वॉर्डात नर्स आहे. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला हॉस्पिटलचं अ‍ॅप शिकवायचं असतं, पण वेळ कुठे असतो, मग फोन घेऊन मीच सगळं करून देते. चुकतंय का?

उत्तर: ताई, घाईत सगळेच असं करतात, पण फोन तुमच्या हातात आला की त्यांचं शिकणं तिथंच थांबतं. एकच काम निवडा, समजा पुढची अपॉइंटमेंट बघणं, आणि ते त्यांच्याच बोटानं करून घ्या, चुकलं तरी चुकू द्या. नंतर "समजलं का?" विचारू नका, त्यावर सगळेच मान डोलावतात. "घरी गेल्यावर कसं उघडाल, मला दाखवा बरं" असं म्हणा. हेच टीच-बॅक, औषधं समजावताना तुम्ही वापरतच असाल.

प्रश्न: मी घरी जाऊन सेवा देतो. एक आजोबा म्हणतात स्क्रीन माझं ऐकतच नाही, भलतंच उघडतं. वयामुळे असेल ना?

उत्तर: वय म्हणून सोडून देऊ नका हो, मला हे ऐकून फार वाईट वाटतं. टचस्क्रीनला बोटाच्या स्पर्शातला विजेचा बारीक बदल कळावा लागतो, कातडी कोरडी पडली की टॅप लागत नाही, आणि हात थरथरत असेल तर टॅपचा लाँग प्रेस (बोट जास्त वेळ दाबून राहणं) होऊन भलताच मेनू येतो, म्हणजे दोष आजोबांचा नाहीच. बोटांना थोडं क्रीम लावून बघा, टचस्क्रीनचा स्टायलस, म्हणजे पेनासारखी कांडी, द्या, अक्षरं मोठी करा. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये टच अँड होल्डचा वेळ वाढवता येतो, आयफोनवर अशीच टच अकॉमोडेशन्स नावाची सेटिंग आहे. दिसायला फारच त्रास असेल तर स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं टॉकबॅक (अँड्रॉइडवर) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोनवर), पण ते चालू केलं की एका टॅपला फोन नुसतं वाचतो आणि उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, तेव्हा बंद कसं करायचं ते आधी स्वतः शिका.

प्रश्न: पेशंट पासवर्ड सांगतात, लिहून ठेवू?

उत्तर: अजिबात नको, ओटीपीसुद्धा नाही. त्यांना टाकू द्या, तुम्ही नजर वळवा. घरच्या कुणाला त्यांच्या संमतीनं रीतसर वेगळा अ‍ॅक्सेस देता येतो का, ते ऑफिसात विचारा.

प्रश्न: कुणाला नकोच असेल तर?

उत्तर: तर नको. कागदावर, फोनवर, काउंटरवर तेवढीच चांगली सेवा मिळायला हवी, आणि मागताना त्यांना ओशाळं वाटता कामा नये. फक्त फाइलवर "इच्छुक नाही" असा कायमचा शिक्का मारू नका, काही महिन्यांनी परत विचारा, कधी नातवाला व्हिडिओ कॉल करायचा असतो आणि तिथून गाडी सुरू होते.