शेवटचे वीस शॉट

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून चार वर्षांपासून 10 मीटर एअर रायफल नेमबाजी करते. सरावात तिचे 617 च्या आसपास गुण होतात. गेल्या महिन्यातील राज्य स्पर्धेत मात्र 610.5 च झाले. तेव्हापासून ती रेंजवर जात नाही. 'माझ्यात तो दमच नाही' असे म्हणते. आता खेळ थांबवून बारावीकडे लक्ष द्यावे का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्रासोबत आपण गुणपत्रिकेची प्रत पाठवलीत, हे फार बरे झाले. तिच्या सहा सिरीज (प्रत्येकी दहा शॉट, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9 गुण) अशा आहेत : 103.1, 102.8, 103.4, 102.9, 99.6 आणि 98.7. पहिल्या चार सिरीज, म्हणजे चाळीस शॉट, तिच्या नेहमीच्या सरावाइतकेच चांगले आहेत. पाचव्या सिरीजमध्ये 8.4 चा एक शॉट गेला आणि पुढची घसरण तेथून सुरू झाली. आपणच लिहिले आहे की 75 मिनिटांपैकी 17 मिनिटे शिल्लक असताना तिने सामना संपवला. याचा अर्थ, तो शॉट बिघडल्यावर रायफल खाली ठेवून दोन मिनिटे थांबण्याऐवजी तिने चूक भरून काढण्याची घाई केली. ही सामना हाताळण्यातील उणीव आहे आणि ती सरावाने दूर होते. 'दम नाही' हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे उदाहरण तिला जरूर सांगावे, मात्र त्यांच्या ऑलिम्पिक पदकापासून सुरुवात करू नये. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने नेमबाजी) अंतिम फेरीत ते आघाडीवर होते. उभ्याने नेमबाजी करताना 7.6 चा एक शॉट गेला आणि ते चौथ्या क्रमांकावर आले. त्याआधी 2022 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेतही ते चौथेच होते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली ते पात्रता फेरीतील 590 गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत पोहोचले आणि तेथे 451.4 गुणांवर कांस्यपदक मिळवले. तोवर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळू लागून त्यांना दशकाहून अधिक काळ लोटला होता, तरी ऑलिम्पिक मात्र पहिलेच होते.

तिच्यासाठी एकच काम सुचवतो. आठवड्यातून एकदा पूर्ण साठ शॉटचा सामना घड्याळ लावून खेळावा. नऊच्या खाली शॉट गेला की रायफल स्टँडवर ठेवावी, श्वास पूर्ववत होऊ द्यावा आणि मगच पुढचा शॉट घ्यावा. सामना संपल्यावर गुणांआधी 'बिघडलेल्या शॉटनंतर मी काय केले' हे वहीत लिहावे. 'तू करू शकतेस' असे घरच्यांनी दहादा सांगून जो विश्वास येत नाही, तो अशा वहीची वीस पाने भरल्यावर येऊ लागतो, असा माझा अनुभव आहे. आणि कृपया रात्रीच्या जेवणाच्या ताटावर गुणांची चौकशी करू नका. ते काम प्रशिक्षकांचे आहे.

आता बारावीविषयी. पराभवाच्या महिन्यात खेळ सोडण्याचा निर्णय घेऊ नये. सहा महिन्यांनी सरावाचे आणि सामन्याचे गुण शेजारी मांडून पाहावेत. दोहोंतील अंतर कमी होत असेल तर खेळ चालू ठेवावा. सरावाचेच गुण दोन वर्षे एका जागी अडकले असतील, तर मात्र खेळ छंद म्हणून ठेवण्यात कमीपणा नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही क्रीडा कोट्यातून भरती होते आणि कुसाळे हे स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस होते. परंतु हे सारे स्पर्धेची पातळी व कामगिरी पाहून मिळते, त्यामुळे त्याच्या भरवशावर अभ्यास मागे पडू देऊ नये. परीक्षेच्या आधीचे दोन महिने सराव निम्मा करण्याविषयी प्रशिक्षकांशी आताच बोलून ठेवावे. पुढील पत्रासोबत त्या वहीची काही पाने पाठवलीत तर अधिक नेमके सांगता येईल, अर्थात तिची संमती असेल तरच.