सॉफ्टवेअरच्या तपासणीत प्रबंधाचं इतर लेखनाशी साम्य ९ टक्के आलं, म्हणजे वाङ्मयचौर्य नाही ना?

तसं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच. १० ते ४० टक्के आलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द.

पण सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत उतरवून तुमचा म्हणून दिलात, तर अहवालात बहुतेक वेळा शून्य येईल, आणि तरी ती चोरीच.

समजा, मूळ वाक्य आहे: ‘बहात्तरच्या दुष्काळाने शेतकऱ्याला खडी फोडायला लावलं.’ तुम्ही लिहिलंत: ‘१९७२ च्या अवर्षणामुळे कास्तकारावर दगड फोडण्याची वेळ आली.’ शब्द जवळजवळ सगळे बदलले, पण विचार मूळ लेखकाचाच आणि त्याचं नाव कुठेच नाही. इथे लेखकाचं नाव, वर्ष, पृष्ठ द्याच. १९७२ साली दुष्काळ पडला, एवढंच सांगायचं असेल तर संदर्भाची गरज नाही, ते सर्वांना माहीत आहे.

आणखी एक. दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीप उचलून मूळ दस्तऐवज स्वतः पाहिल्यासारखी देऊ नका. ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं लिहायला लाज कसली? तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं विचारतात, ‘हे दप्तर (जुने मूळ कागद) कुठे पाहिलंत?’