फिल्टरवरची बारीक भोकं

प्रश्न : माझे यजमान वीसेक वर्षं सिगारेट ओढतात. माझ्या रोजच्या भुणभुणीला कंटाळून गेल्या वर्षी ते ‘लाइट’ सिगारेटवर आले. टार कमी असतं, घशालाही त्रास होत नाही, असं ते सांगतात. पण आधी दिवसाला दहा व्हायच्या, आता चौदा-पंधरा होतात. मी निर्धास्त राहू का?

उत्तर : नाही ताई, मुळीच राहू नका. दहाच्या पंधरा का झाल्या, यातच सगळं आलं.

पाकिटावर टारचा, म्हणजे धुरातल्या चिकट, घातक पदार्थाचा, जो आकडा छापला जाई, तो माणसाच्या फुप्फुसात मोजलेला नसे. एक यंत्र मिनिटाला एक झुरका घेई. दोन सेकंदांचा, 35 मिलिलिटरचा. लाइट सिगारेटच्या फिल्टरभोवती डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी भोकं असतात. तिथून हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि यंत्रावरचा आकडा खाली येतो. तंबाखू मात्र तीच. यंत्राला तलफ येत नाही. तुमच्या यजमानांच्या मेंदूला ठरावीक निकोटीन लागतं आणि ते मिळेपर्यंत माणूस खोल झुरके घेतो, जास्त वेळा घेतो, जास्त ओढतो. बोटांनी किंवा ओठांनी भोकंही झाकली जातात, त्याच्या नकळत.

त्यांचं एखादं थोटूक उचलून बघा. भोकं उघडी राहिली असतील, तर फिल्टरच्या तोंडाकडच्या टोकाला मधोमध तपकिरी डाग आणि भोवती पांढरी कड दिसते. सगळं टोक एकसारखं तपकिरी असेल, तर भोकं झाकली गेली होती. डाग मधोमध दिसला म्हणून मात्र हायसं वाटून घेऊ नका, खोल झुरक्याचा हिशेब त्यात कळत नाही.

घसा खवखवत नाही, कारण धूर पातळ लागतो. फुप्फुसांना आराम पडल्याची ही खूण नव्हे. अमेरिकेत 9 लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासून 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम, कमी आणि अतिशय कमी टारची सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्यात त्यात फरक आढळला नाही. ‘लाइट’ या शब्दाने लोक फसतात, म्हणूनच युरोपीय संघाने 2003 पासून आणि अमेरिकेने 2010 पासून तो पाकिटावर छापायला बंदी घातली. हृदयाचं तर विचारूच नका : रोज एकच सिगारेट ओढली तरी हृदयविकाराचा धोका बराच वाढतो.

छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं, की सोडायच्या बेतात आलेला माणूस लाइटवर येऊन थांबतो. तुमच्या यजमानांना काळजी वाटली, म्हणूनच त्यांनी ब्रँड बदलला. तेव्हा ‘तुम्ही फसलात’ असं म्हणू नका; सोडायची तारीख दोघांनी मिळून ठरवा. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड सर्वांत जास्त होते, नंतर काही आठवड्यांत ओसरते. निकोटीनचे पॅच, च्युइंगगम किंवा व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्यांनी सोडणं सोपं जातं; यातलं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. सोडल्यापासून वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्मा होतो. मात्र खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, कफात रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आधी छातीचा एक्स-रे काढून घ्या.