कार्बन कराचा परिणाम तपासायचा तर सामाजिक लेखा सारणीत (अर्थव्यवस्थेत कोण कोणाला किती पैसे देतं ते ओळी-स्तंभांत मांडणारा तक्ता) वीज क्षेत्र कसं फोडावं? एकूण निर्मितीतल्या टक्केवारीने वाटलं तर चालेल का?

नाही चालणार. भारताच्या 2007-08च्या इनपुट-आउटपुट कोष्टकात (कोणतं क्षेत्र कोणाकडून किती माल घेतं त्याचा तक्ता, सारणी यावरूनच बनते) 130 क्षेत्रं आहेत, पण वीज एकच. कोळसा, पाणी, वारा, वर तारा नि खांब, सगळं त्यातच. ते नुसत्या टक्केवारीने वाटलं की कागदावर सौर प्रकल्पही कोळसा जाळायला लागतो आणि कर लावल्यावर दोघांना सारखाच फटका बसतो. म्हणजे जे तपासायला निघालात तेच हातातून गेलं!

वीजनिर्मितीच्या प्रत्येक तंत्राचा स्तंभ (पैसे कशाकशावर जातात ते दाखवणारा रकाना) त्याच्या खर्चावरून भरा. औष्णिकमध्ये इंधनाचा वाटा मोठा. सौर-पवनमध्ये इंधन शून्य, बहुतेक सगळा भांडवलाचा परतावा, थोडी देखभाल. किती युनिट निघाली ते केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालांत मिळेल. खर्चासाठी नियामक आयोगांचे वीजदराचे आदेश उघडा. महानिर्मितीच्या संचांचा स्थिर खर्च आणि इंधनखर्च तिथे वेगवेगळा दिलेला असतो. वाचायला रटाळ, पण याहून चांगला माल मला तरी माहीत नाही. पारेषण-वितरणाला स्वतंत्र स्तंभ द्या. जीटॅप-पॉवर या जागतिक आर्थिक माहितीसंचातही तसंच आहे: निर्मितीचे 11 प्रकार आणि पारेषण-वितरण वेगळं.

सारणी रुपयांत असते, धूर टनांत मोजतात. शेतीपंपाला वीज स्वस्त, कारखान्याला महाग; त्यामुळे रुपयांवरून शेतीचा वापर आहे त्याहून कमी दिसतो. कोळशाचंही तेच, आयात कोळशाचा भाव वेगळा आणि उष्मांकही वेगळा. म्हणून उत्सर्जन काढताना रुपये सोडा, ऊर्जा ताळेबंदातले (कोणतं इंधन कुठे किती वापरलं त्याचा हिशोब) टन धरा.

कराची ओळ पायाभूत वर्षाशी, म्हणजे सारणी ज्या वर्षाची आहे त्याच्याशी, जुळवून घ्या. कोळशावरचा उपकर 2010 मध्ये टनाला 50 रुपये होता, 2016 मध्ये 400 झाला. सप्टेंबर 2025 मध्ये उपकर गेला आणि जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. जुना उपकर सारणीत असेल तर तुमचा 'नवा' कार्बन कर त्याच्यावर चढतो, हे निष्कर्ष लिहिताना सांगावं लागेल.

शेवटी ओळी-स्तंभ जुळवायला आरएएस (ओळी आणि स्तंभ आळीपाळीने गुणून बेरजा जुळवणारी रीत) किंवा क्रॉस-एंट्रॉपी (मूळ आकड्यांपासून कमीत कमी हलून जुळवणारी रीत), कोणतंही वापरा. आरएएसमध्ये शून्य शून्यच राहतं, त्यामुळे सौरच्या स्तंभात कोळसा परत घुसत नाही. ज्या आकड्यांवर भरवसा आहे ते मात्र आधी पक्के करून ठेवा. जुळवणीनंतर एखादा आकडा फारच हलला, तर प्रोग्रामला दोष देण्याआधी मूळ अहवाल पुन्हा उघडा.